तीनवार

दिवसभर मी अमळनेरच्या मार्केट यार्डात
दादर पुकारतो.
ढिगाशी पाय रोवून, मूठभर दाणे हवेत धरून,
एकवार, दोनवार,
आणि तिसऱ्याआधी एक श्वास थांबतो
कुणा व्यापाऱ्याची भुवई हलते का बघायला.
त्या श्वासात क्विंटलमागे वीस रुपये असतात.

रात्रीच्या हर्राशीला पुकारणारा कुणी नाही.
उशाशी मोबाइल, आवाज बंद,
लाल आकडे उतरत जातात
लीड्सच्या वेळेने.
भुवया नाहीत, नुसती टोपणनावं.
त्यातला एक, टिकटिक४४,
शेवटच्या तीन सेकंदांत येतो
आणि माल उचलून जातो,
बोका ओट्यावरचं दूध पिऊन जातो तसा.

सहा वर्षांत अकरा घड्याळं घेतली.
चारदा फसलो.
आता तबकडी नव्याने रंगवलेली असली
की आकड्याच्या पोटावरून कळतं,
जुन्या हाताचा आठ असा गरगरीत नसतो.
काटे एका घरचे, चावी दुसऱ्या घरची,
आतलं यंत्र तिसऱ्याच गावचं:
असली सोयरीक मी लांबूनच ओळखतो.
बायको म्हणते, मनगटं दोनच आहेत तुम्हाला.

फाल्गुनातली रात्र, दोन चाळीस.
एक वेस्ट एंड.
पट्टा नाही, काच तडकलेली,
‘तपासलेलं नाही’ असं लिहून
विकणाऱ्याने हात झटकलेले.
पाचवा फोटो झाकणाच्या आतल्या बाजूचा.
तो मी दोन बोटांनी ताणला.
पोलादावर सुईने कोरलेलं, केसाइतकं बारीक:
ता. ९/६४
आणि खाली तीन टिंबं.

मी उठून बसलो.

दहावीनंतर मिळालेलं माझं ‘जनता’ पहिल्यांदा बिघडलं
तेव्हा ताहेरभाईंनी डोळ्यावरचं भिंग न काढता
मला झाकण उलटं करून दाखवलं होतं.
दुरुस्त करणारा आत सही करतो.
गिऱ्हाइकाला ती दिसत नाही,
दिसते फक्त पुढच्या दुरुस्त करणाऱ्याला.
तीन टिंबं म्हणजे
तेल घातलं, बालकमान सरळ केली, पैसे मिळाले.
दोनच असली तर उधारी.

चौसष्टचा सप्टेंबर. मी जन्मलोही नव्हतो.
कुणाच्या मनगटावरून गेलं असेल ते?
गिरणीतल्या एखाद्या जॉबरच्या,
की शिकायला म्हणून गेला आणि पत्रं थांबली
अशा कुणाच्या?
की माणूस इथेच राहिला
आणि घड्याळ एकटंच निघून गेलं?

बोली लावली. वाढवली.
मग स्कूटरच्या टायरांसाठी ठेवलेले घातले.
सात सेकंद. सहा.
तोंडातून निघूनच गेलं, अंधारात, यार्डातल्या आवाजात:
एकवार!
बायको दचकून उठली.
दोनवार!
तिसऱ्याला टिकटिक४४.

सकाळी घसा चालेना.
सुपडू हमाल म्हणाला, तुमना आवाज बसना आज, भाऊ.

दुपारी दुकानात गेलो.
पाटी अजून ‘ताहेरभाई घड्याळवाले’चीच,
खाली मुर्तझा मोबाइलची कव्हरं विकतो.
फोटो त्याने इकडून तिकडून पाहिला,
मग ड्रॉवर ओढून वडिलांचं भिंग काढलं
आणि माझ्या स्क्रीनवर वाकला.
‘नऊ नाही, सात आहे.
बावाजींचा सात असाच पोटात वळायचा.’
मागे पंखा कुरकुरत होता.
एक पोरगा गुलाबी कव्हर मागत होता, त्याला थांब म्हणाला.
‘आणि टिंबं दोनच आहेत.
तिसरी धूळ आहे.’

म्हणजे पैसे यायचेत, मी म्हणालो.
तो हसला नाही.
भिंग सदऱ्याच्या टोकाला पुसत
त्याने विचारलं, ‘चालतंय का पण?’

सहा वर्षांत हे मी
कुठल्याच विकणाऱ्याला विचारलं नव्हतं.